टोचलेल्या कणाचं पुढे काय होतं?



मेंदूचा एमआरआय काढायला गेलेल्या रुग्णाला केंद्रावर हमखास ऐकू येणारं एक वाक्य आहे : ‘कॉन्ट्रास्ट द्यावा लागेल, आधी क्रिएटिनिन करून आणा.’ चित्र काढायचं डोक्याचं आणि चौकशी मूत्रपिंडाची, हे ऐकून पुष्कळ जण बुचकळ्यात पडतात. पण आजच्या विषयाचं मर्म त्या चौकशीतच आहे. शिरेतून टोचलेलं द्रव्य मेंदूत काय दाखवणार, हे तपासणाऱ्याला ठाऊक असतं. काम उरकल्यावर ते शरीरातून बाहेर पडेल की नाही, याची खात्री त्याला करून घ्यायची असते. गेल्या काही दशकांत या द्रव्यांना पर्याय म्हणून नॅनोकणांचा, त्यातही ‘जैवप्रेरित’ नॅनोकणांचा बराच बोलबाला झाला. कुणी जिवाणूच्या पोटातल्या चुंबकाची नक्कल करतं, कुणी तांबड्या पेशीचं आवरण सोलून कणाला चढवतं, कुणी खडकाला चिकटणाऱ्या शिणाण्यांच्या चिकावरून धडा घेतं. निसर्गाकडून घेतलं म्हणजे सुरक्षित, असा एक सूर या सगळ्यात असतो. तो सूर मला मान्य नाही, पण ते कण मला महत्त्वाचे वाटतात. कण कशापासून बनला किंवा कशाची नक्कल करून बनला, यावरून त्याची सुरक्षितता ठरत नाही. काम झाल्यावर त्याला बाहेर काढण्याची किंवा स्वतःच्या कामी लावण्याची सोय शरीराकडे आधीपासून आहे का, आणि ती सोय किती भार पेलू शकते, यावरून ती ठरते. ही कसोटी लावली तर जैवप्रेरित म्हणवणाऱ्या कणांपैकी थोडेच टिकतात, आणि जे टिकतात ते खरोखर मोलाचे आहेत, एवढंच मला आज मांडायचं आहे.

एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट स्वतः दिसत नाही, हे आधी सांगायला हवं. सीटी स्कॅनमध्ये आयोडीन क्ष-किरण अडवतं आणि म्हणून चित्रात पांढरं उमटतं. एमआरआयचं यंत्र मात्र बघतं पाण्याकडे, म्हणजे पाण्याच्या रेणूंतल्या हायड्रोजनच्या केंद्रकांकडे. चुंबकीय क्षेत्रात असलेली ही केंद्रकं रेडिओलहरींनी विचलित केली की पूर्वपदावर यायला ती ठरावीक वेळ घेतात. वेगवेगळ्या ऊतींमध्ये हा वेळ वेगवेगळा असतो आणि त्या फरकावर चित्र उभं राहतं. गॅडोलिनियमच्या आयनात सात एकेकटे इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्या चुंबकीय गडबडीमुळे जवळून जाणारं पाणी झटकन पूर्वपदावर येतं आणि तेवढा भाग उजळतो. त्यासाठी द्रव्य लागतं किती? नेहमीची मात्रा दर किलो वजनाला ०.१ मिलिमोल. साठ किलोच्या माणसाचा हिशेब केला तर एका तपासणीत जवळपास एक ग्रॅम गॅडोलिनियम शरीरात जातं. आपल्या कुठल्याही शारीर व्यवहारात ज्या धातूचा काडीचाही उपयोग नाही, त्याचा एक ग्रॅम. मोकळा आयन आकाराने कॅल्शियमच्या आयनाइतकाच असतो, त्यामुळे कॅल्शियमच्या वाटा तो अडवून बसतो आणि विषारी ठरतो. म्हणून त्याला एका सेंद्रिय रेणूच्या वेढ्यात घट्ट धरून टोचतात. १९८८मध्ये अमेरिकेत परवाना मिळालेलं पहिलं औषध याच तत्त्वावर होतं. हा वेढा धातूसकट मूत्रावाटे निघून जातो. मूत्रपिंडं धडधाकट असतील तर दीडेक तासात निम्मं आणि एका दिवसात जवळजवळ सगळं.

सगळी भिस्त त्या ‘असतील तर’वर होती. १९९७पासून अमेरिकेत डायलिसिसवरच्या काही रुग्णांची कातडी लाकडासारखी टणक होऊ लागली, सांधे वळेनासे झाले. २०००मध्ये हा नवा आजार म्हणून नोंदला गेला, पण कारण सापडेना. २००६मध्ये ऑस्ट्रियातले मूत्रपिंडतज्ज्ञ थॉमस ग्रोबनर यांनी आणि पाठोपाठ डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी त्याचा संबंध गॅडोलिनियमशी जोडला. निचरा होत नसल्याने द्रव्य दिवसचे दिवस रक्तात राहत होतं, आणि तेवढ्या अवधीत साखळीसारख्या मोकळ्या टोकांचा वेढा धातूवरची पकड सोडत होता. २००७मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला, आणि क्रिएटिनिनची विचारणा पक्की झाली. प्रकरण तिथे मिटलं असं वाटत असतानाच २०१४मध्ये जपानमधल्या कांदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळीच गोष्ट दाखवली. ज्यांना सहा किंवा अधिक वेळा असा कॉन्ट्रास्ट दिला गेला होता, त्यांच्या मेंदूतले दोन खोल भाग कॉन्ट्रास्ट न देता काढलेल्या चित्रातही उजळ दिसत होते. पुढच्याच वर्षी शवविच्छेदनातून मिळालेल्या मेंदूच्या ऊतींत प्रत्यक्ष गॅडोलिनियम सापडलं. २०१७मध्ये युरोपने साखळी-वेढ्याची काही औषधं शिरेतून देणं थांबवलं. इथे एक गोष्ट नीट नोंदवली पाहिजे : मूत्रपिंडं चांगली असलेल्या माणसाच्या मेंदूत राहिलेल्या या अंशामुळे अमुक आजार होतो, असं सिद्ध झालेलं नाही. कॉन्ट्रास्ट घेतलेल्यांनी घाबरून जाण्याचं कारण नाही. मला रस आहे तो वेगळ्या गोष्टीत. पहिल्या परवान्यापासून पंचवीस वर्षांहून अधिक काळ आणि कोट्यवधी इंजेक्शनं झाल्यावर आपल्याला कळलं, की ‘सगळं निघून जातं’ हे पूर्ण खरं नव्हतं.

मग नॅनोकण सुरक्षित का असावेत? इतिहास तर उलट सांगतो. कॉन्ट्रास्टसाठी मोठ्या प्रमाणावर वापरला गेलेला पहिला नॅनोकण म्हणजे थोरोट्रास्ट. ‘नॅनो’ हा शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हतं, पण थोरियम डायऑक्साइडचे काही नॅनोमीटरचे कण डेक्स्ट्रिनच्या आवरणात तरंगत ठेवलेलं ते कलिल होतं. आजच्या प्रयोगशाळेत ते बनलं असतं तर ‘पिष्टमय आवरणाचे अकार्बनी नॅनोकण’ असं भारदस्त नाव मिळालं असतं. १९३०च्या आसपास ते आलं आणि डॉक्टरांना फार आवडलं. चित्र लख्ख यायचं. त्या काळच्या आयोडीनच्या द्रव्यांनी रुग्ण तळमळायचा, याने काहीच व्हायचं नाही. पोर्तुगालचे एगास मोनिझ मेंदूच्या रक्तवाहिन्यांची चित्रं काढण्यासाठी तेच वापरू लागले. (त्यांना पुढे नोबेल मिळालं ते मात्र मेंदूवरच्या एका शस्त्रक्रियेसाठी, आणि तिचाही इतिहास फारसा अभिमानाचा नाही.) १९३२मध्येच अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या औषध परिषदेने त्याबद्दल धोक्याची सूचना दिली होती. तरी ते १९५०च्या दशकापर्यंत चालू राहिलं. टोचलेले कण रक्तातून दिसेनासे व्हायचे, कारण यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेतल्या भक्षक पेशी ते गिळायच्या. अभिमन्यूसारखी या कणांची गत होती : आत शिरायची वाट होती, बाहेर पडायची नव्हती. थोरियम डायऑक्साइड विरघळवणारं कोणतंही रसायन त्या पेशींकडे नाही. थोरियमचं अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षांचं, त्यामुळे ते तिथे बसून उरलेलं सगळं आयुष्य अल्फा कण फेकत राहिलं. वीस-तीस वर्षांनी त्या रुग्णांमध्ये यकृताचे कर्करोग दिसू लागले, त्यातही रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा एरवी अत्यंत विरळा असणारा प्रकार.

थोरोट्रास्टचा दोष किरणोत्साराचा होता, त्यावरून सगळ्या नॅनोकणांना का झोडपायचं, असं कुणी म्हणेल. अर्धा मुद्दा बरोबर आहे. पण किरणोत्सारी द्रव्यं आपण आजही रोज टोचतो. ती काही तासांत विझतात किंवा निघून जातात म्हणून चालतात. थोरोट्रास्ट घातक ठरलं ते किरणोत्सार आणि मुक्काम या दोन्हींच्या गुणाकारामुळे, आणि त्यातला मुक्काम हा नॅनोकणांचा स्वभाव आहे. कोणताही बाहेरचा कण रक्तात सोडला, की साडेपाच नॅनोमीटरच्या आतला असेल तर मूत्रपिंडाच्या चाळणीतून निसटतो. त्याहून मोठा असेल तर बहुधा यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशींच्या तावडीत सापडतो. त्यामुळे नॅनोकणांच्या बाबतीत खरा प्रश्न एकच उरतो : या पेशींना तो पचतो का?

आता लोहाकडे येऊ, कारण याच पेशींचा रोजचा धंदा लोहाचा आहे. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हातारी झाली की प्लीहेतली किंवा यकृतातली भक्षक पेशी तिला गिळते, हिमोग्लोबिन फोडते आणि त्यातलं लोह वेगळं काढते. रोज असं २० ते २५ मिलिग्रॅम लोह मोकळं होतं. अन्नातून आपण रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम शोषून घेतो, तेव्हा नव्या रक्ताची मदार मुख्यतः या जुन्या लोहावरच असते. पेशीच्या आतल्या आम्लाने भरलेल्या पिशव्यांत, जिथे पीएच पाचाच्या खाली असतो, लोह सुटतं. लागलीच नको असेल तर फेरिटिन नावाच्या प्रथिनात साठवलं जातं, हवं असेल तर फेरोपोर्टिन या दारातून बाहेर सोडलं जातं. तिथून ट्रान्सफेरिनच्या खांद्यावर बसून ते अस्थिमज्जेत पोचतं आणि नव्या तांबड्या पेशीत लागतं. लोहाच्या ऑक्साइडचा नॅनोकण, डेक्स्ट्रानच्या म्हणजे शर्करेच्या एका साखळीच्या आवरणात, याच पेशीत जाऊन पडतो आणि याच पिशवीत विरघळतो. हा केवळ तर्क नाही. १९८९मध्ये अशा कणांमध्ये लोह-५९ हा किरणोत्सारी समस्थानिक घालून ते मोठ्या उंदरांना टोचण्यात आले. यकृतातला किरणोत्सार काही दिवसांत ओसरत गेला आणि तो पुढे सापडला तांबड्या पेशींच्या हिमोग्लोबिनमध्ये. टोचलेल्या कणाचं पुढे काय होतं, याचं इतकं स्वच्छ उत्तर दुसऱ्या कोणत्याही कॉन्ट्रास्टबद्दल क्वचितच मिळेल. भाराचाही हिशेब लावून पाहा. यकृताच्या तपासणीसाठी १९९६मध्ये अमेरिकेत आलेल्या फेरिडेक्सची मात्रा दर किलोला ०.५६ मिलिग्रॅम लोह होती. साठ किलोच्या माणसात ते होतं सुमारे ३४ मिलिग्रॅम, म्हणजे त्या पेशींचं दीड दिवसाचं काम. फेर्युमॉक्सिटॉल हा दुसरा कण मुळात मूत्रपिंडाच्या रुग्णांतल्या रक्तक्षयावरचं औषध म्हणून २००९मध्ये आला आणि रेडिओलॉजिस्टांनी तो रक्तवाहिन्या पाहण्यासाठी वापरायला सुरुवात केली. ज्या रुग्णांना गॅडोलिनियम द्यायला डॉक्टर कचरत होते, त्याच रुग्णांसाठी बनलेलं हे औषध. त्याला मूत्रपिंडाची वाट लागतच नाही.

या कणांत निसर्गाची नक्कल फारशी नव्हती, फक्त निसर्गाच्या व्यवस्थेचा फायदा घेतलेला होता. नक्कल करण्याचा खरा प्रयत्न फेरिटिनपासून सुरू होतो, आणि तो जवळून पाहण्याजोगा आहे. फेरिटिन म्हणजे २४ प्रथिनघटकांनी मिळून बनलेला पोकळ गोल : बाहेरून १२ नॅनोमीटर, आतली पोकळी ८ नॅनोमीटरची. भिंतीत बारीक वाटा आहेत. त्यांतून फेरस लोह आत येतं, प्रथिनातल्या एका विशिष्ट जागी त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि आत खनिजाचा दाणा साचत जातो. एका गोलात साडेचार हजारांपर्यंत लोहाचे अणू मावतात. निसर्गात बनणारा हा दाणा चुंबकीयदृष्ट्या दुबळा असतो. १९९२मध्ये स्टीफन मान आणि सहकाऱ्यांनी घोड्याच्या प्लीहेतलं फेरिटिन घेतलं, रसायनाने त्यातलं लोह काढून गोल रिकामा केला आणि मग ऑक्सिजन जवळजवळ वगळून, ऊन आणि किंचित अल्कधर्मी द्रावणात फेरस लोह हळूहळू पुन्हा आत भरलं. आत तयार झाला चुंबकीय ऑक्साइडचा दाणा. भांडं निसर्गाचं, माल प्रयोगशाळेचा. या गोलाचा आकार आणि मोजमाप प्रथिन ठरवतं, त्यामुळे कण एकमेकांपेक्षा वेगळे निघत नाहीत. रसायनाच्या भांड्यात तो सारखेपणा साधायला जिवाचा आटापिटा करावा लागतो. शिवाय मानवी फेरिटिनचा जड घटक ट्रान्सफेरिनच्या ग्राहकाला चिकटतो. अनेक कर्करोगांच्या पेशींवर हा ग्राहक भरपूर असतो, त्यामुळे गाठ हुडकण्याचं काम वेगळी खूणचिठ्ठी न लावताही होऊ शकतं. कसोटीवर हा कण चांगला उतरतो. आवरण प्रथिनाचं, दाणा लोहाचा, आणि दोन्ही मोडून वापरण्याची रीत पेशीला ठाऊक.

जिवाणूतल्या चुंबकाची गोष्ट तितकी सरळ नाही. चिखलाच्या पाण्यातले काही जिवाणू चुंबकाच्या दिशेने पोहतात हे इटलीत बेलिनी यांनी १९६०च्या दशकात पाहिलं होतं. १९७५मध्ये रिचर्ड ब्लेकमोर यांच्या शोधनिबंधाने ते जगापुढे आलं. त्यांच्या पोटात मॅग्नेटाइटचे घडीव स्फटिक एका रांगेत असतात, प्रत्येकाला मेदाचं पातळ आवरण. आकार इतका नेमका की चुंबकशास्त्राच्या दृष्टीने त्यात सुधारणा सुचवायला फारशी जागा नाही. पण हे जिवाणू ज्या गटातले आहेत, त्यांच्या बाह्य आवरणात माणसाला जबर ताप आणणारं विष असतं. ते कणाबरोबर लेशभर जरी आलं तरी सगळं मुसळ केरात. त्यामुळे मला त्या स्फटिकांपेक्षा ते घडवणारी प्रथिनं मोलाची वाटतात. एमएमएस-६ सारखं एखादं प्रथिन वेगळं काढून भांड्यात घातलं तर साध्या तापमानालाही मॅग्नेटाइट सारख्या आकारात बनतं. तेवढी शिकवण घ्यावी आणि जिवाणूला त्याच्या चिखलात राहू द्यावं.

आणि इथे आपल्या जवळची एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला बुरशीकडून आणि वनस्पतींच्या अर्काकडून धातूंचे नॅनोकण बनवून घेतले. फ्युजेरियम ही पिकांवरची बुरशी, जिरॅनियमची पानं, कडुनिंब, गवती चहा. गवती चहाच्या अर्काने सोन्याचे त्रिकोणी पत्रे बनले, आणि २००६मध्ये बुरशीकडून मॅग्नेटाइटही बनवून घेतलं गेलं. जिवंत व्यवस्था सौम्य परिस्थितीत असं रसायन करू शकते, हे त्या कामाने दाखवलं आणि ते जगभर वाखाणलं गेलं. त्यानंतर जे पेव फुटलं त्याबद्दल मात्र बोलायला हवं. आज तुळस, हळद, शेवगा अशी घरातली-परसातली कोणतीही वनस्पती घ्यावी, तिचा अर्क चांदीच्या किंवा सोन्याच्या क्षारात घालावा, आणि ‘हरित पद्धतीने बनवलेले जैवसुसंगत नॅनोकण’ म्हणून निबंध छापावा, अशी रीत पडली आहे. तुळशीच्या अर्काने बनलेली चांदी ही चांदीच असते. भक्षक पेशीला तिच्या जन्माची कुंडली दिसत नाही. सोन्याचा कण पेशीत गेला की तो कडुनिंबाने बनवला की सोडियम सायट्रेटने, याने मुक्कामात फरक पडत नाही, कारण सोनं पचवायचा मार्ग पेशीकडे तसा नाहीच. कण बनवताना कमी विषारी रसायनं लागली, हा कारखान्याच्या आणि सांडपाण्याच्या दृष्टीने मोठा गुण आहे. त्याला रुग्णाच्या सुरक्षिततेचा पुरावा म्हणून पुढे करणं ही गल्लत आहे, आणि ती आपल्या विद्यापीठांत रोज होते.

पचवून टाकण्याऐवजी सरळ बाहेर सोडण्याचंही एक सुंदर उदाहरण आहे, आणि ते रोजच्या वापरातलं आहे. सोनोग्राफीच्या कॉन्ट्रास्टमध्ये वायूचे सूक्ष्म बुडबुडे असतात. त्यांचं कवच असतं फॉस्फोलिपिडचं, म्हणजे पेशींचं आवरण ज्याचं बनतं त्याच जातीच्या द्रव्याचं, किंवा मानवी अल्ब्युमिनचं. बुडबुडा फुटला की सल्फर हेक्झाफ्लोराइडसारखा निष्क्रिय वायू रक्तातून फुप्फुसात येतो आणि काही मिनिटांत श्वासावाटे निघून जातो. कवच शरीराच्या मेद-प्रथिनांच्या व्यवहारात मिसळतं. बुडबुड्यांची अडचण ही की ते रक्तवाहिन्यांतून बाहेर ऊतींत जाऊ शकत नाहीत, आणि टिकतात थोडा वेळ. २०१४मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या मिखाइल शपिरो यांच्या गटाने त्यासाठी पाण्यावर तरंगणाऱ्या जिवांकडून उसनवारी केली. काही नीलहरित जिवाणू आणि अति खारट पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव (मिठागरांच्या पाण्याला लाली चढते ती याच कुळातल्या जिवांमुळे) तरंगण्यासाठी आपल्या पेशीत प्रथिनाच्या पोकळ नळकांड्या बनवतात. भिंत फक्त दोन नॅनोमीटरची, पाणी आत येऊ न देणारी पण वायूला मुक्तद्वार असलेली. या नळकांड्या सोनोग्राफीत चमकतात. आत हवाच असल्याने बाहेर सोडायला वेगळा वायू नाही, आणि भिंत नुसतं प्रथिन. अडचण एवढीच की ते प्रथिन परकं आहे, पुन्हापुन्हा टोचलं तर प्रतिकारशक्ती त्याची नोंद घेणार.

आता आक्षेपांकडे येतो. सर्वांत वजनदार आक्षेप रेडिओलॉजिस्टांचा आहे. ते म्हणतात, साखळी-वेढ्याची औषधं मागे पडली, बंद कड्यात धातू पकडणारी आली. ती इतकी पक्की आहेत की कातडी टणक होण्याचा आजार जवळजवळ नाहीसा झाला. २०२२मध्ये तर निम्म्या मात्रेत तेवढाच उजेड देणारं गॅडोपिक्लेनॉल आलं. मग सुटलेल्या प्रश्नावर नवा कण कशाला? हा आक्षेप मी बव्हंशी मान्य करतो. वर्षातून एखादा एमआरआय काढणाऱ्या, मूत्रपिंडं ठीक असलेल्या माणसासाठी बंद कड्याचं गॅडोलिनियम उत्तम आहे आणि ते काढून टाकण्याची भाषा मी करणार नाही. पण आक्षेपात दोन गोष्टी सुटतात. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या तरुण रुग्णाला किंवा मेंदूतल्या गाठीवर उपचार झालेल्या मुलाला आयुष्यभरात अशी कित्येक इंजेक्शनं घ्यावी लागतात, आणि तिथे थोडासा शिल्लक अंशही साठत जातो. शिवाय कडं जितकं पक्कं, तितकं ते सांडपाण्याच्या प्रक्रियेलाही दाद देत नाही. जर्मनीत हाफेल आणि वुपर या नद्यांत नैसर्गिक प्रमाणाबाहेर गॅडोलिनियम असल्याचं १९९६मध्येच दाखवलं गेलं. रुग्णाच्या शरीराबाहेर गेलं म्हणजे प्रश्न संपला, ही समजूत नदीकाठच्या माणसाला परवडणारी नाही. दुसरी सुटलेली गोष्ट त्याहून मोठी आहे : लोहाचे कण गॅडोलिनियमचंच काम अधिक सुरक्षितपणे करतात असं नव्हे, ते वेगळं काम करतात. भक्षक पेशी जिथे असतात तिथे ते जातात. निरोगी लसिकाग्रंथीत अशा पेशी भरलेल्या असतात, म्हणून ती कण गिळून चित्रात काळी पडते. कर्करोगाने व्यापलेल्या भागात त्या नसतात, तो भाग उजळ राहतो. २००३मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या ८० प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णांच्या अभ्यासात, प्रत्येक ग्रंथी वेगळी मोजली असता साध्या एमआरआयने रोगग्रस्त ग्रंथींपैकी ३५.४ टक्के ओळखल्या, लोहकणांसह ९०.५ टक्के. आकाराने लहान पण आतून पोखरलेली ग्रंथी केवळ मोजमापावरून ओळखता येत नाही. इथे कण पचवणारी पेशीच निदान करून देते.

दुसरा आक्षेप असा, की शरीराच्या ओळखीचं म्हणजे सुरक्षित, हेही खोटंच आहे. अगदी खरं. मॅंगनीज आपल्याला लागतं, पण ते शरीरात जास्त गेलं की कंपवातासारखा आजार होतो, हे १८३७पासून माहीत आहे. फेर्युमॉक्सिटॉलमुळे काही रुग्णांना अ‍ॅनाफिलॅक्सिसची, म्हणजे जिवावर बेतणारी, अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया आली. २०१५मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा कडक केला तेव्हा त्यांच्याकडे अशा ७९ नोंदी होत्या आणि त्यांतल्या १८ रुग्णांचा मृत्यू झाला होता. आता ते औषध पातळ करून, सावकाश सलाइनमधून आणि नजर ठेवून देतात. लोहाची आणखी एक गोची आहे, जी लोहाचे पुरस्कर्ते सांगायला टाळतात : जादा लोह बाहेर टाकण्याचा मार्ग शरीराकडे नाही. ते कामी लागतं किंवा साठतं. देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात निघालं. त्यांच्यापैकी ज्यांना लोहाचीच कमतरता आहे, त्यांना या कणांतलं लोह जाचणार नाही, उलट लाभेल. पण दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त घेणाऱ्या थॅलसेमियाच्या मुलाचं यकृत आधीच लोहाने गच्च असतं, इतकं की ते मोजायला एमआरआयच वापरतात. त्याला हे कण देणं चुकीचं ठरेल. म्हणून मी कसोटीत भाराचा मुद्दा घातला. वाट असणं पुरेसं नाही. ती तुंबलेली आहे का, हे रुग्णागणिक विचारावं लागतं, जसं आज क्रिएटिनिन विचारतात तसं उद्या फेरिटिन विचारावं लागेल.

तिसरा आक्षेप सोंगाचा आहे. तांबड्या पेशीचं आवरण चढवलेला कण, चांगल्या कोलेस्टेरॉलच्या कणाचं रूप घेतलेला कण, असे बहुरूपी पुष्कळ बनले. त्यांचा उद्देश भक्षक पेशींना चकवून रक्तात जास्त वेळ राहण्याचा. पण रक्तात शिरताक्षणी कणावर रक्तातल्या प्रथिनांचा थर बसतो आणि पेशींना मूळ सोंग नव्हे, तो थर दिसतो. शिवाय गाठीपर्यंत पोचतं किती? २०१६मध्ये दहा वर्षांच्या निबंधांचा धांडोळा घेतला गेला तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचणाऱ्या भागाचा मध्यक ०.७ टक्के निघाला. उरलेलं यकृत, प्लीहा आणि इतरत्र. म्हणजे सोंग कितीही चांगलं वठलं तरी अखेरीस कण त्याच पेशींच्या पिशवीत पडणार, आणि तिथे आवरण उतरल्यावर आत काय आहे हेच महत्त्वाचं. आत लोह असेल तर ठीक, आत गॅडोलिनियम किंवा सोनं असेल तर वरचं आवरण थोरोट्रास्टच्या डेक्स्ट्रिनपेक्षा जास्त काही करत नाही. याउलट एमआयटीतल्या मौंगी बवेंडी यांच्या गटाने २०१७मध्ये तीन नॅनोमीटरच्या गाभ्याचे लोहकण बनवले, दोन्ही विद्युतभार असलेल्या लहान रेणूंच्या पातळ आवरणात. ते मूत्रावाटे निघतात आणि गॅडोलिनियमसारखे उजळही दिसतात. त्यांत निसर्गाची नक्कल फारशी नाही, पण माझ्या कसोटीवर ते कित्येक बहुरूप्यांपेक्षा सरस ठरतात.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि त्यावर माझ्याकडे समाधानकारक तोड नाही. हे कण इतके चांगले असतील तर बाजारात का नाहीत? फेरिडेक्सचं उत्पादन २००८मध्ये थांबलं. लसिकाग्रंथी दाखवणाऱ्या त्या कणाचा युरोपातला परवान्याचा अर्ज कंपनीने २००७मध्ये मागे घेतला. नेदरलँड्समध्ये नाइमेखेनच्या रॅडबाउड विद्यापीठाच्या रुग्णालयाने ते औषध पुन्हा बनवून घेतलं म्हणून आज त्याचा काही वापर होतो. बाजारातून गेलेल्या या औषधांना विषारी ठरवून कुणी काढलेलं नव्हतं. रोज घ्यायच्या गोळीत जो नफा आहे तो वर्षातून एकदा टोचायच्या निदानद्रव्यात नाही. गॅडोलिनियम टोचून लगेच चित्र काढता येतं, लसिकाग्रंथींसाठी मात्र कण टोचल्यावर रुग्णाला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवावं लागतं. आपल्याकडे यंत्र पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत चालवणाऱ्या केंद्राला ही दुसरी फेरी परवडत नाही, हे मला समजतं. पण म्हणूनच सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळांकडून वेगळी अपेक्षा आहे. चोवीस तासांनी पेशी जिवंत आहेत का, एवढं बशीत पाहून ‘जैवसुसंगत’ हा शिक्का मारणं थांबवावं. कणातल्या धातूला खूण लावून तो महिन्याने कुठे आहे, वर्षाने कुठे आहे, यकृतात किती आणि रक्तात किती, हे प्राण्यांत मोजावं, आणि ते आकडे निबंधाच्या पहिल्या पानावर छापावेत. असा प्रयोग खर्चिक आहे, त्याला वर्ष लागतं, आणि पीएचडीच्या विद्यार्थ्याला तेवढ्या वेळात तीन निबंध काढायचे असतात. लोह-५९चा तो प्रयोग १९८९मध्ये करणाऱ्यांपुढेही अडचणी काही कमी नव्हत्या.